उकंड एकटा गातो

पुणे
१२ जून २०२३

प्रिय आत्या,

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "मोबाइलवर तू मला नुसता अंगठा दाखवतोस. अंगठेबहाद्दरांना सही शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता भाच्याचा अंगठा बघायची हौस न्हाई. पत्र लिही." म्हणून कागद आणला.

बातमी मोठी आहे. मी बँड सोडला. सात वर्षं मी 'धोंडा'चा आवाज होतो, पण आता कलाकार म्हणून माझा प्रवास मला एकट्यानं करायचा आहे. याला सोलो म्हणतात. ज्याचा त्याचा प्रवास असतो. प्रतिक्षाला पटलं, तिची गिटार आहेच. दिपकलाही पटलं. अगदी हसतखेळत झालं सगळं. त्यानं तर मिठी मारली. तो ड्रम घेऊन तांड्यावर गेलाय. त्याला म्हणे मोकळी हवा हवी होती.

रीता मॅडम म्हणून आहेत, त्या आता माझं काम बघतात. त्यांचं म्हणणं, हरीश नावाचे गायक गल्लोगल्ली आहेत, तू तुझ्या मुळाशी जा. मी मुळाशी गेलो आणि बाबांचं नाव घेतलं. यापुढे मी 'उकंड'. नुसतं उकंड. पोस्टरवर काळ्यावर पिवळी अक्षरं. पिवळा म्हणजे हळद. तुला वसमतमध्ये बसून अभिमान वाटेल.

तुझा,
उकंड (हरीश)


वसमत
२१ जून २०२३

चि. हरीश यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत आणि 'प्रवास' लई झाला. आमी हट्ट्याहून वसमतला एसटीनं येतो, त्याला प्रवास म्हणतो. तू खोलीत बसून कसला करून राहिलास?

सात वर्षांपूर्वी तू सांगितलंस, आमी रॉक गाणार. मी डिक्शनरी काढली. रॉक म्हणजे धोंडा. तेच नाव तुमी बँडला ठेवलं, तेव्हा वाटलं पोरांना अक्कल आहे. पुढं कॉलेजच्या मैदानात तुमचा कार्यक्रम पाहिला. तू ओरडत होतास आणि कनाती हलत होत्या. पण माझा पाय हलला तो दिपकच्या वाजवण्यावर. हे तेव्हा बोलले न्हाई. आता सोलोचा अर्थ पाहिला. एकटा. मग ढोल कोण वाजवणार? छाती बडवून घेणार का?

आणि हे नाव. तुझ्या आज्जीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. तुझा बाप जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणलं, म्हणजे देवाला वाटावं हे टाकाऊ आहे. म्हणून उकंडराव. दहावीच्या फॉर्मवर हे नाव लिहायची तुला लाज वाटली. तू 'यू. एस.' लिहिलंस, आणि हेडमास्तरांनी मला विचारलं, "बाई, भाऊ अमेरिकेला असतात का?" आता त्याच नावाला पिवळा रंग मारून विकायला काढलंस. बरं आहे.

दिपकनं मिठी मारली म्हणतोस. अकरावी-बारावीची दोन वर्षं तो होस्टेलला राहायचा आणि तुझ्या शेजारी बसून माझ्या घरी जेवायचा. निघताना खाली बघून "येतो बाई" म्हणायचा. त्यानं कुणाला मिठी मारलेली मी पाहिली न्हाई. असो.

तुझी आत्या,
द्वारका


पुणे
५ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,

सहा महिने लिहिलं नाही, कारण मी जन्म देत होतो. हसू नकोस, रीता मॅडमचा शब्द आहे. माझं पहिलं एकट्याचं गाणं आलं, 'ऊठ'. तीन आठवड्यांत ते सगळीकडे पोचलं. लग्नांत, जिममध्ये, शाळांच्या गॅदरिंगमध्ये. वसमतलाही वाजत असेल. शब्द अगदी थोडे आहेत: ऊठ पोरी ऊठ, पाणी तापलं ऊठ, वेणी घालतो ऊठ. प्रियकर आळसावलेल्या प्रेयसीला नाचायला उठवतो, असा विषय. ते मातीतून आलं.

सोबत मुलाखतीचं कात्रण पाठवतोय. बाबांनाही दाखव.

तुझा,
उकंड


वसमत
१९ डिसेंबर २०२३

चि. हरीश यास आशीर्वाद.

मुलाखत वाचली. तू कंदिलाच्या उजेडात शिकलास हे मला नवीन आहे. तुझ्या घरी इन्व्हर्टर होता, आणि तो बंद पडला की तू अभ्यास सोडून झोपायचास. आईच्या जात्यावर तुझे कान तयार झाले म्हणे. तुझ्या आईनं जातं पाहिलं ते प्रदर्शनात. 'दुष्काळानं होरपळलेला बाप' मात्र छान जमलाय. त्या बापाची अठ्ठावीस एकर ओलिताखाली आहे आणि गावभराची हळद त्याच्या वाफेच्या कुकरमध्ये शिजते.

मी धाडलेलं कात्रण घेऊन तो माझ्याकडं आला. मोंढ्यात हळदीच्या सौद्याला गेला होता, तिथं एका व्यापाऱ्यानं त्याचा हात धरून सांगितलं, "काका, काही तकलीफ असली तर बोला." तुझा बाप मला म्हणाला, "आक्का, मी कवा होरपळलो? मला न सांगता काहून होरपळवलं यानं?" दोन दिवस जेवला न्हाई नीट. हे तुझ्या पुढच्या मुलाखतीत घाल, पहिल्यांदाच खरं होईल.

आता गाण्याचं. शेजारच्या लग्नात ऐकलं. शब्दांकडं माझं ध्यान न्हवतं, चाल ओळखीची वाटली. दोन दिवस आठवत राहिले. मग आठवलं. जवळा बाजारच्या पलीकडं तांड्यावर दिपकच्या घरी मी एकदा गेले होते, तेव्हा त्याची आई दारात बसून हेच म्हणत होती.

मातीतून आलं म्हणतोस. कुणाच्या दारातल्या मातीतून?

द्वारका


पुणे
८ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

तू विनाकारण खोलात जातेस. बाबांची मी फोनवर माफी मागितली आहे. मुलाखतीत थोडा रंग भरावाच लागतो.

गाण्याचं म्हणशील, तर ती तांड्यावरची पारंपरिक चाल आहे. अशी गाणी कुणा एकाची नसतात. बँडच्या दिवसांत सुट्टीला आम्ही तांड्यावर दिपकच्या शेडमध्ये सराव करायचो, तेव्हा त्याच्या आईचा, रूपाबाईंचा आवाज कानावर पडला असेल. त्या त्यांच्या बोलीत म्हणत होत्या. मला ती बोली कळत नाही. माझ्यापर्यंत आला तो फक्त सूर. उलट ते गाणं आज लाखो लोक ऐकतात, याचा तांड्याला अभिमानच वाटेल.

दौऱ्यावर निघतोय. सोलापूर, नाशिक, इंदूर.

उकंड


वसमत
२२ एप्रिल २०२४

हरीश,

तांड्याला किती अभिमान वाटला ते सांगते.

काल दिपकचा बाप लखमा वसमतला आला होता. त्याच्याकडून हे कळलं. दिपक ड्रम घेऊन गावी आला तो मोकळ्या हवेसाठी न्हवे. इथं तो एका बँड पार्टीत लागला, लग्नाच्या वरातीत वाजवायला. तुझं गाणं आलं तेव्हा वरातवाले तेच मागायला लागले. दिपक पाणी प्यायला म्हणून बाजूला जायचा आणि गाणं संपलं की यायचा. मालकानं महिना-दोन महिने चालवून घेतलं. परवा जवळा बाजारला भर दुपारी नवरदेवाच्या भावांनी त्याला जाऊच दिलं न्हाई. त्यानं वाजवायला घेतलं. 'वेणी घालतो' पर्यंत आला, मग गळ्यातला ड्रम काढून रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि चालायला लागला. दोघांनी कॉलर धरली, एकानं थोबाडीत दिली. वरातीसमोर. मालकानं तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

मी तांड्यावर कशाला गेले होते हे तुला ठाऊक असायला पाहिजे. दिपकची धाकटी बहीण मिना गेली तेव्हा भेटायला गेले होते. तुमी दोघं तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. पंधरा वर्षांची पोर, तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी उतरला असं वाटलं, म्हणून सकाळी रूपाबाईनं पाणी तापवलं आणि तिला उठवायला गेली. ऊठ, पाणी तापलं. ऊठ, वेणी घालते. ती उठली न्हाई. मग ती बाई वर्षभर रोज सकाळी त्या रिकाम्या जागेला उठवत राहिली. त्याची चाल झाली. ते गाणं न्हवतं रे. त्यावर आता नवरदेवाचे दोस्त तोंडात रुमाल धरून नागीण नाचून राहिले.

तुला बोली कळत न्हवती म्हणतोस. मग पाणी मराठीत कसं तापलं? वेणी कुठून आली? 'घालते'चं 'घालतो' करायला तर बराबर कळलं.

द्वारका


पुणे
२ मे २०२४

आदरणीय द्वारकाबाई,

सदर गीत हे पारंपरिक लोकधनावर आधारित असून त्याचे पुनर्लेखन करण्यात आलेले आहे. कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता. अनवधानाने दुखावल्या गेल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. श्रीमती रूपाबाई यांचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करण्यात येईल. सोबत संमतीचा फॉर्म जोडला आहे. त्यावर त्यांची सही घेण्यात यावी.

आत्या, हे रीता मॅडमनी टाइप केलंय. मी नंतर लिहितो.

उकंड


वसमत
९ मे २०२४

हरीश,

तुझं पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवत आहे.

'पुनर्लेखन करण्यात आलेले आहे', 'दुखावल्या गेल्या', 'व्यक्त करण्यात येत आहे'. अख्ख्या पत्रात कर्ता कुठंच न्हाई. चौथीच्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला फळ्याजवळ उभं केलं असतं. कुणी लिहिलं? कुणी दुखावलं? कुणी घेतलं? कर्त्यासहित परत लिहून आण.

फॉर्म मी पोचवलेला न्हाई. शाल इकडं उन्हाळ्यात कुणी पांघरत न्हाई.

द्वारका


पुणे
२८ ऑगस्ट २०२४

आत्या,

गाणं मी घेतलं. कर्ता मी.

मला सगळं ठाऊक व्हतं. शेडमध्ये दिपकनं एकेक शब्द मला मराठीत सांगितला व्हता, त्याच्या बहिणीची आठवण म्हणून. मी म्हटलं, हे आपण बँडमध्ये घेऊ. तो म्हणाला, "न्हाई. हे स्टेजवरचं न्हाई." प्रतिक्षाही न्हाईच म्हणाली. वर्षभर मी त्यांच्या मागं लागलो. शेवटी दिपक म्हणाला, "तू गाशील तर मी वाजवणार न्हाई." मी म्हटलं, नको वाजवू, मला तुझी गरज न्हाई. बँड असा मोडला. मिठी मी तुझ्यासाठी बनवली. 'ऊठ' मात्र बनवावं लागलं न्हाई, तयारच व्हतं. आत्या, सात वर्षांत मला स्वतःची एक धड चाल सुचली न्हाई. चाली प्रतिक्षाच्या, ताल दिपकचा. माझा फक्त घसा.

परवा तांड्यावर जाऊन आलो. तुझ्याकडं यायची हिंमत झाली न्हाई. दिपक घरात व्हता, बाहेर आला न्हाई. मी बँडच्या दिवसांपासून रूपाबाईला दिपकसारखंच याडी म्हणतो, म्हणजे आई. या वेळी नुसता नमस्कार केला. तिनंच बाजेवर बसवलं आणि विचारलं, "जेवला का?" मी म्हटलं, माझी चूक झाली, गाण्याला तुझं नाव लावतो.

"माझं नाव कशाला लावतो? मी काय गाणं केलं का? मी पोरीला उठवत व्हते."

मग चहा आणला. मी कप धरून बसलो. ती म्हणाली, "आता म्हणत न्हाई मी ते. म्हणाया गेलं की डोक्यात बँड वाजतो. आधी तिचं तोंड दिसायचं. आता नाचणारे दिसून राहिले."

आत्या, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्युझिक कंपनीला सांगितलं, गाणं काढून टाका. ते म्हणाले, आवाज तुझा आहे, गाणं आमचं आहे. फार बोललास तर दुसऱ्याकडून गाऊन घेऊ.

हरीश


वसमत
६ सप्टेंबर २०२४

चि. हरीश यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. या वेळी लाल पेन उघडावा लागला न्हाई.

शिव्या दिल्या असत्या तर तुला बरं वाटलं असतं म्हणतोस. तुला बरं वाटावं म्हणून आता त्या बाईनं शिव्याही पुरवायच्या का?

पुण्यात खोली बंद करून रडणं सोपं आहे. इकडं बोर्ड लागलेत. हिंगोलीत दसऱ्याच्या दिवसांत तुझा कार्यक्रम आहे. बोर्डावर तू डोळे मिटून उभा आहेस आणि खाली लिहिलंय, 'हिंगोली, ऊठ!' ज्यांच्यासमोर तू मोठा झालास तेच समोर बसणार आहेत. तेव्हा डोळे उघडे ठेव. माझे गुडघे सुजलेत, मी येणार न्हाई. तुझा बाप येणार म्हणतो. नवीन धोतर काढलंय.

द्वारका


हट्टा
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

बाबांच्या घरून लिहितोय. झालेलं तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून ऐक.

कार्यक्रम चार वाजता सुरू झाला. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. खुर्चीवर चिठ्ठी व्हती, 'उकंड यांचे वडील'. बाबांनी ती काढून कार्यकर्त्याच्या हातात दिली. म्हणाले, "उकंड मीच हाय."

मी चार गाणी म्हटली. पाचव्याला लोक 'ऊठ, ऊठ' ओरडायला लागले. मी वाजवणाऱ्यांना थांबवलं आणि सांगितलं, हे गाणं मी पुन्हा कधी म्हणणार न्हाई. हे रूपाबाईच्या पोरीसाठीचं आहे. पोरीचं नाव मिना. ती वारली. आईनं तिला उठवलं, तेच शब्द मी चोरले आणि तुमी त्यावर नाचता. मला वाटलं व्हतं, सगळे गप्प व्हतील. झाले, क्षणभर. पुढचा एकजण डोळे पुसत व्हता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "भाषण नको, गाणं लाव!"

आणि लावलं. साऊंडवाल्यानं रेकॉर्ड लावली. माझाच आवाज, माझ्याहून चांगला. माणसं उठली आणि नाचायला लागली. डोळे पुसत व्हता तोही. मी माइकवर ओरडलो, बंद करा, पण बंद माइक झाला व्हता. आत्या, त्यांना माझी गरज न्हवती. मी नुसता समोर उभा राहून तोंड हलवत व्हतो, आणि त्यांना वाटलं मी गाऊन राहिलो. टाळ्या पडल्या.

बाबा खुर्चीवरून उठले. धोतराचा सोगा धरून स्टेजच्या मागं गेले आणि संध्याकाळी शेतातली मोटर बंद करावी तसा जनरेटर बंद केला. मग कार्यकर्ते धावले, खुर्च्या उडाल्या, एक चप्पल मला लागली. जनरेटरवाला चावी मागत व्हता. चावी बाबांनी खिशात घातली व्हती. माझा हात धरून त्यांनी मला मागच्या बाजूनं जीपपर्यंत नेलं. औंढ्यापर्यंत जीप त्यांनीच चालवली. मग म्हणाले, "लई तापलं व्हतं मशीन."

रीता मॅडमनी काम सोडलं. कंपनीनं दुसरा पोरगा घेतला, तो दिवाळीला 'ऊठ दोन' काढणार. मी बाबांच्या कुकरवर येणाऱ्या हळदीची वाट बघून राहिलो, आणि हळद निघायला चार महिने आहेत, म्हणजे काही न करता बसलोय. प्रतिक्षाला पत्र लिहिलं. उत्तर न्हाई. दिपकला लिहायला बसलो व्हतो, कागद फाडला.

हरीश


वसमत
२१ ऑक्टोबर २०२४

चि. हरीश यास अनेक आशीर्वाद.

फाडलास ते बरं केलंस. दिपकला इतक्यात लिहू नकोस. तुझं मन हलकं करायचं काम त्याच्याकडं पाठवू नकोस, त्याला दुसरी कामं आहेत. वसमतच्या एका शाळेत तो पोरांना लेझीम आणि ढोल शिकवतो आहे. मी ओळख काढली, पण जागा त्यानं वाजवून मिळवली.

काल एसटीनं तांड्यावर जाऊन आले. गुडघ्यांनी वाटेत माझा उद्धार केला. रूपाबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. हिंगोलीचं तिला अर्धवट कळलं होतं, ते मी पुरं सांगितलं. तू काय बोललास ते सांगितलं. तिनं मान वर केली न्हाई. लोक तरी नाचले हे सांगितलं, तेव्हाही न्हाई. उकंडरावनं जनरेटर बंद केला म्हटल्यावर हात थांबला.

"मग पुन्हा चालू केलं का?"

"न्हाई. चावीच न्हवती. त्या दिवशी पुन्हा वाजलं न्हाई."

दारात दिपक उभा होता. त्यानं विचारलं, "बाई, कोणता उकंड?" मी म्हटलं, "पहिला." तो हसला असेल, न्हाईतर दात कोरत असेल, मी चष्मा काढला होता.

रूपाबाई म्हणाली, "एक दिवस तर बंद पडलं."

तुझी कमाई एवढीच आहे, हरीश. एक संध्याकाळ. तीसुद्धा बापाच्या हातानं. पुढं ते 'ऊठ दोन' येईल, 'ऊठ तीन' येईल, वराती निघतील. ते तुझ्याच्यानं आता थांबत न्हाई. एकदा सोडलेलं पाखरू न्हवे ते, सोडलेला सांड आहे.

मी एसटीची वेळ झाली म्हणून उठले. दिपक मला सोडायला फाट्यापर्यंत आला. निघताना मागं वळून पाहिलं, तर रूपाबाई पायानं सोयाबीन पसरत अंगणभर फिरत होती आणि तिचे ओठ हलत होते. वारा तिच्याकडून आमच्याकडं येत होता. ती काय म्हणत होती ते आमाला दोघांना नीट ऐकू आलं.

तुला सांगणार न्हाई.

तुझी आत्या,
द्वारका